बोर्डापुढचा हात

दसरा सरला की पावणे गावातली जुनी माणसं अजून पहाटेच उठायची. कापायला भात उरलं नव्हतं, खाचरांवर पत्र्याच्या शेडी उभ्या राहून बरीच वर्षं झाली होती. पण अंगाला लागलेली सवय सरकारी नोटीस देऊन थोडीच जाते? गंगारामही पहाटेच उठायचा. मात्र त्याच्या उठण्याचं कारण निराळं होतं, आणि ते त्याच्या घरातल्या दोन बायकांशिवाय गावात कुणाला ठाऊक नव्हतं.

चुलीवर आधण चढलं की त्याची आई, जाईबाई, चाचपडत जाऊन दाराला कडी लावी. मग खिडकीवर गोणपाट ओढी. दोन्ही डोळ्यांत मोती उतरलेले, तव्यावरची भाकरी आणि चुलीतला निखारा यांतला फरक तिला कळत नसे, पण कडी मात्र बरोबर सापडे. मग गंगाराम लुंगी आवरून परातीपुढे बसे आणि तांदळाच्या पिठाची उकड मळायला घेई.

"हलू थाप रं," जाईबाई कुजबुजली. "बाया पान्याला निघाल्यान."

"भाकरी आवाजाबिगर व्हते काय गो आये?"

"तू व्हतोस तसा गप, तशी थाप."

त्याची बायको दुर्गाबाई चुलीशी बसून डाव्या हातानं लाकडं सारत होती. उजवा हात मांडीवर पडलेला. पाची बोटं जागच्या जागी, नखंसुद्धा धड. बघणाऱ्याला वाटावं, हात चांगला आहे की. पण अंगठा आणि शेवटचं बोट सोडलं तर मधली तिन्ही बोटं वाकत नव्हती, आणि त्यांना काही कळतही नव्हतं. एकदा निखारा पडला तेव्हा वास आल्यावर तिला समजलं. नवरा परातीपुढे बसलाय आणि आपण बघतोय, याची तिला रोज नव्यानं लाज वाटे.  आगरी माणूस, मिठागरावर गोणी वाहिलेला, ज्याच्या खांद्यावर घट्टे पडलेत, तो भाकऱ्या थापतो! गावाला कळलं असतं तर शिमग्यात त्याच्या नावानं बोंब ठोकली असती पोरांनी.

भाकऱ्या झाल्या की तो तिला पाटावर बसवी आणि केस विंचरी. आधी आधी ओढून ओढून तिच्या डोळ्यांत पाणी काढलं होतं त्यानं. आता बरी वेणी घालायला लागला होता. मग तो कंपनीत कामाला जाई, दाराची कडी निघे, आणि दुर्गाबाई उंबऱ्यात अशी उभी राही की जणू सकाळपासून राबून राबून आत्ताच कुठे पाठ सरळ केली आहे.

हे सगळं चैत्रापासून चाललं होतं. जमीन गेल्यावर गंगाराम एका रंगाच्या कंपनीत हेल्पर लागला आणि दुर्गाबाई डब्याच्या फॅक्टरीत. तिथं तेलाचे, बिस्किटांचे पत्र्याचे डबे व्हायचे. ती प्रेसवर बसायची. पत्रा सारायचा, पाय दाबायचा, दणका पडायचा, झाकण बाहेर. हात इतका बसला होता की ती दणक्याच्या तालावर शेजारणीशी गप्पा मारायची. चैत्रात एक दिवस पायाची पट्टी अडकली आणि दणका आपोआप दुसऱ्यांदा पडला. हात अर्धा मागे आला होता, अर्धा नव्हता.

इस्पितळात प्लास्टर झालं, टाके पडले, हाडं जुळली. विम्याच्या दवाखान्यातून दाखले मिळत गेले, त्यावर घरी बसल्या पगाराचा वाटा येत गेला. मग भादव्यात तिथला डॉक्टर म्हणाला, "माझं काम झालं, बाई. आता बोर्डापुढे जा. हात किती गेला, किती उरला, ते बोर्ड ठरवतं. गेला म्हणाले तर कायमचं काहीतरी मिळत राहील. नाही म्हणाले तर कामावर जावं लागेल."

बोर्ड म्हणजे काय, हे घरात कुणालाच धड माहीत नव्हतं. पण मोठे साहेबलोक बघायला बोलावतात म्हटल्यावर जाईबाईनं तयारी मात्र जोरात केली. गंगारामला रजा मिळाली नाही, तेव्हा सोबत जायचं तिनंच ठरवलं. आदल्या संध्याकाळी सुनेचा हात मांडीवर घेऊन तिनं तेल-हळद चोळली. हिरव्या बांगड्या भरल्या. ठेवणीतलं लुगडं काढलं.

"आये, हात दुखतो," दुर्गाबाई म्हणाली.

"दुखूं दे. साहेबांपुढं असा कोरडा हात न्यायचा? काय म्हनतील?"

बोर्डाच्या खोलीत टेबलामागे तीन डॉक्टर होते. त्यातला तरुण होता तो बोलायला गोड. "बाई, घरी काय काय काम करता?"

दुर्गाबाईनं सासूकडे पाहिलं. तीन परके पुरुष, दाराशी शिपाई, आणि सासू शेजारी. यांच्यापुढे काय सांगायचं? की मी बसून खाते? की माझा नवरा चुलीपुढे बसतो? तिचे ओठ हलायच्या आत जाईबाई पुढे सरकली.

"आमची सून लई कामाची, साहेब! भाकरी थापते, पानी भरते, मच्छी साफ करते. मिठागरावर मिठाची भरलेली मापरी उचलायची डोक्यावर. गावात इचारा कोनाला पन!"

"आत्ताही करता का हे सगळं?" डॉक्टरनं दुर्गाबाईलाच विचारलं.

"करते," दुर्गाबाई म्हणाली.

मग त्यानं तिला डोळे मिटायला सांगितले आणि बोटाला टाचणी लावली. "टोचलं?" तिला काही टोचलं नव्हतं. पण एवढा शिकलेला माणूस टाचणी घेऊन बसलाय, टोचलं का म्हणून विचारतोय, म्हणजे टोचलंच असणार. त्याला तोंडावर नाही कसं म्हणायचं? "हां," ती म्हणाली. दुसऱ्या बोटाला, "हां." तिसऱ्याला, "हां." मनगट पिरगाळलं तेव्हा मात्र मस्तकात कळ गेली, पण परक्या पुरुषापुढे कण्हायचं नाही हे माहेरीच पक्कं शिकवलेलं. तोंडावरची रेषसुद्धा तिनं हलू दिली नाही. बाहेर आल्यावर जाईबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "बरी बोललीस. नाव राखलंस."

बोर्डाचं पत्र दिवाळीच्या तोंडावर आलं. कायमचं अपंगत्व नाही, हात कामालायक आहे. त्याच्या पाठोपाठ फॅक्टरीचं पत्र : कामावर हजर व्हा, नाहीतर नाव कमी केलं जाईल.

गेली बिचारी. नाही जाऊन सांगते कुणाला? गंगारामनं घट्ट वेणी घातली, आणि डाव्या हातात डबा घेऊन ती प्रेसवर जाऊन बसली. फोरमन अरविंद जवळ येऊन उभा राहिला. पहिला पत्रा तिनं सारला. अंगठा आणि करंगळीच्या चिमटीत पत्रा धरायला गेली तर तो तिरका झाला. सरळ करायला तिनं डावा हात आत घातला, आणि पाय सवयीनं पट्टीकडे गेला. अरविंदनं झडप घालून बटण बंद केलं. दणका अर्ध्यावर लटकत राहिला.

 दुर्गाबाईनं डावा हात बाहेर काढला आणि पदराखाली लपवला, जणू चोरीच पकडली होती.

"वहिनी, घरी जा," अरविंद म्हणाला.  "मॅनेजर काय म्हणेल मला माहीत नाही. पण मी तुम्हाला या मशीनवर बसवणार नाही. दुसरा हात माझ्या डोक्यावर नको."

मॅनेजर म्हणाला, "डॉक्टर म्हणतात हात चांगला आहे. बाई मशीनवर बसत नाही. मग ही बाईची मर्जी झाली. मी काय करू?" एवढंच. रागावलासुद्धा नाही तो. म्हणजे आता नोकरीही नाही आणि विम्याचंही नाही. गंगारामच्या एकट्याच्या पगारात तीन तोंडं, जाईबाईचं डोळ्याचं ऑपरेशन लांबलेलं, आणि शेत तर फॅक्टऱ्यांखाली गेलेलं.

तेव्हा गंगाराम तिला श्यामसुंदरकडे घेऊन गेला. श्यामसुंदर पूर्वी गिरणीत होता. संपात गिरणी सुटली आणि तो या बाजूला आला. आता युनियनचं काम बघायचा. त्याचं ऑफिस म्हणजे नाक्यावरच्या चहाच्या टपरीचं बाकडं.

"टेन्शन नको, वैनी. अपील करता येतं. आधी सांगा, बोर्डाला काय बोललात?"

दुर्गाबाईनं सगळं सांगितलं. टाचणीचंही सांगितलं. श्यामसुंदरनं चहाचा ग्लास खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"अहो, तुम्ही हात दाखवायला गेला होता की पोरगी दाखवायला?"

गंगाराम खाली बघत होता. त्याला हसूही येत होतं आणि रडूही.

"ऐका," श्यामसुंदर म्हणाला. "इस्पितळाचे कागद आहेत, एक्सरे आहे, पण एक्सरेत हाडं जुळलेली दिसतात. मेलेली नस एक्सरेत दिसत नाय. ती तुम्हीच सांगायला पाहिजे. काय होत नाही, ते सांगायचं. टोचलं नाही तर नाही. दुखलं तर ओरडायचं. लाजायचं नाय."

"लाजत नाय मी," दुर्गाबाई म्हणाली आणि लाजली.

अपिलाची तारीख पौषात लागली. या वेळी गंगारामनं रजा टाकली. जाईबाईनं लुगडं काढून ठेवलं होतं, डोक्याला तेल लावून ती तयार बसली होती.

"आये, तू घरी ऱ्हा," गंगाराम म्हणाला.

"का? मी काय वाईट बोलले काय?"

"चांगलं बोललीस गो. तेच नडलं."

जाईबाई तोंड फिरवून बसली. बसपर्यंत जाताना दुर्गाबाई मनातल्या मनात घोकत होती. भाकरी होत नाय. पानी होत नाय. टोचलं नाय. ठाण्याच्या बसमध्ये गंगाराम तिच्या शेजारी बसला होता. कळव्याच्या पुलावर बस खोळंबली तेव्हा त्यानं हळूच विचारलं, "जमेल ना?" तिनं मान हलवली. खाडीवरून गार वारा येत होता आणि उजव्या हाताची ठणक खांद्यापर्यंत चढली होती.

आणि नशीब बघा. ठाण्याला डॉक्टरांच्या दारासमोरच्या बाकावर कोण बसलेलं? बयाबाई! त्यांच्याच आळीतली. नवऱ्याच्या खोकल्याचे कागद घेऊन आली होती. बयाबाईच्या कानावर पडलं ते दिवेलागणीच्या आत गावभर, असा तिचा लौकिक.

"अगो दुर्गे! तू पन? बस बस. भाकरी खाल्लीस काय?"

दुर्गाबाई बाकाच्या टोकाला टेकली. डॉक्टरांच्या खोलीला दार होतं, पण ते उघडंच ठेवलेलं, फक्त एक हिरवा पडदा. आतल्या माणसाचा खोकलासुद्धा बाहेर ऐकू येत होता. शिपायानं नाव पुकारलं. "फक्त पेशंट आत," तो गंगारामला म्हणाला.

आत एक म्हातारा डॉक्टर होता, चष्मा कपाळावर चढवलेला, आणि शेजारी लिहिणारा कारकून. डॉक्टरनं आधी एक्सरे उजेडात धरला, मग टाचणी घेतली. डोळे मिटून दुर्गाबाई म्हणाली, "नाय." पुन्हा, "नाय." तिसऱ्यांदाही, "नाय." एवढं जमलं तिला. तिला बरं वाटलं. पण डॉक्टरनं चष्मा खाली घेतला.

"मागच्या वेळी तुम्ही तिन्ही वेळा हो म्हणालात. इथं लिहिलंय. आणि घरचं सगळं काम करते, असंही सांगितलंत. भाकरी, पाणी, सगळं. आता नाही म्हणता. मी कशावर विश्वास ठेवू? सांगा, घरी भाकरी कोण करतं?"

दुर्गाबाईनं तोंड उघडलं. पडद्याखाली तिला बयाबाईचे पाय दिसले. मघाशी ते बाकाखाली होते. आता पडद्याला लागून होते.

"मीच..." ती म्हणाली. "थोडंथोडं... करते."

डॉक्टरनं सुस्कारा सोडला आणि कारकुनाकडे पाहिलं. कारकुनानं लिहायला पेन टेकवलं.

तेवढ्यात पडदा सरकला आणि गंगाराम आत आला. शिपाई मागून "ओ, ओ" करत होता.

"साहेब, भाकरी मी थापतो," गंगाराम म्हणाला.

कारकुनाला हसू आलं. बाहेरून "अगो बाय!" ऐकू आलं.

"काय पन बोलताव!" दुर्गाबाई ताडकन उठली. "खोटं हाय, साहेब! ते असं काय करत नाय. पुरुष मानूस हाय तो!"

"बस खाली," गंगाराम तिला म्हणाला. मग डॉक्टरकडे वळला. त्याचे कान लाल झाले होते, पण आवाज रोजच्यासारखाच होता. "रोज मीच थापतो. दार लावून. पानी मी आनतो, अंधार असताना. तिची वेनी मी घालतो. इस्वास नसेल तर तिची वेनी बघा, साहेब. तिची गाठ बाईमानसाची नाय. मिठाच्या गोनीला मारायची गाठ हाय ती. मना दुसरी येत नाय."

 म्हातारा डॉक्टर उठून टेबलाला वळसा घालून आला. "बाई, वेणी पुढे घ्या. सोडून दाखवा बघू ही गाठ."

दुर्गाबाईनं वेणी पुढे ओढली. काळा दोरा, वर दोन वेढे, खाली फास. डाव्या हातानं तिनं वेणी धरली आणि उजव्या हातानं दोऱ्याचं टोक शोधू लागली. मधली बोटं ताठ, दोऱ्यावरून नुसती घसरत होती. टोक सापडलं की नाही हेच त्यांना कळत नव्हतं. ती खाली बघून बघून पुन्हा पकडायची, पुन्हा सुटायचं. अंगठ्यानं दाबायला गेली तर मनगटात कळ आली आणि तिच्या तोंडून "आई गं" निघालं.  कारकून हसायचा थांबला होता.

तिनं वर पाहिलं. गंगाराम भिंतीशी उभा होता, हात पाठीमागे, मान खाली. संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला कळणार होतं. लोक त्याला बाईलवेडा म्हणणार होते, नाक्यावर थट्टा होणार होती, शिमग्याला तर विचारूच नका. ते सगळं त्यानं आत्ताच, या पडद्याशी, आपल्यासाठी देऊन टाकलं. आणि आपण अजून त्याची अब्रू झाकत बसलोय! तिला एकदम भरून आलं. रागही आला, स्वतःचा, सासूचा, त्या तरुण डॉक्टरचा, त्या प्रेसचा. तिनं वेणी सोडून दिली.

"नाय सुटत," ती म्हणाली. "नाय होत माज्यान."

सगळ्या जन्मात हे शब्द तिनं कुणापुढे उच्चारले नव्हते. ना सासूपुढे, ना मुकादमापुढे, ना मिठागरावरच्या उन्हात.

डॉक्टर आपल्या खुर्चीत जाऊन बसला. आता पेन त्यानं स्वतः घेतलं. "काय काय होत नाही? सावकाश सांगा."

"भाकरी नाय होत," दुर्गाबाई म्हणाली. मग तिनं आवाज चढवला, पडद्यापलीकडे नीट जावा म्हणून. "पिठाचा गोला हातात ऱ्हात नाय. हंडा उचलता नाय येत. मच्छी धरली तं सटकते. कुकू डाव्या हातानं लावते, ते वाकडं जाते. मीठ चिमटीत येत नाय. सासूचे पाय चेपता नाय येत. ती काय बोलत नाय, पन मना समजते."

डॉक्टर लिहीत होता.

"आनि जेवान. जेवते मी डाव्या हातानं, साहेब. लोकांपुढं डाव्या हातानं कसं जेवायचं? म्हनून पावने आले की भूक नाय सांगते. भाचीच्या लग्नात उपाशी आले मी. सगली पंगत उठली, मी वाढत व्हते म्हनून सांगितलं."

गंगारामनं मान वर केली. हे त्यालाही माहीत नव्हतं.

"बास, बाई," डॉक्टर म्हणाला. त्यानं चष्मा काढून डोळे पुसले. "एवढं पुरे आहे. मी लिहितो तसं."

"नाय साहेब, थांबा," दुर्गाबाई म्हणाली, आणि डाव्या हातानं खुर्ची टेबलाजवळ ओढून बसली. "अजून हाय."